चाळीस दांड्यांचा पंप

दामिनीला राग येतो. त्यात काय विशेष, राग सगळ्यांनाच येतो. येतो, भांडं आदळतो, दोन शिव्या देतो, निघून जातो. हिचा जात नाही. हिचा मांडी घालून बसतो आणि वेळ आली की उठतो.

पुरावा पाहिजे? घ्या. आयटीआयला टर्नर ट्रेडच्या वर्गात ही एकटी पोरगी. शिकवणारे गुरुजी रोज सगळ्यांचं काम उरकलं की लेथखालचा लोखंडाचा कीस झाडायला हिलाच लावायचे. ही एक शब्द बोलली नाही. फक्त लेथची किल्ली हरवली. चार महिने ते गृहस्थ टेबलं सरकवून, पोरांचे खिसे तपासून थकले. किल्ली हिच्या डब्याच्या पिशवीत होती, भाकरीच्या खाली.

पुढं देगलूरला दिली. दीड वर्षानं सासू चारचौघींत म्हणाली, "हात बघा की हिचे, गड्याचे हायेत." सासूचं तिनं मनावर घेतलं नाही. नवरा हसला, ते घेतलं. दुसऱ्या दिवशी माहेरी निघाली आणि निघताना शेतातल्या बोअरचा स्टार्टर सोडवून घेऊन आली. तो तिनंच बसवला होता, तेव्हा तिचाच की! भर एप्रिलात त्या घरची भुईमुगाची रानं वाळली. स्टार्टर अजून अप्पांच्या विहिरीवर चालू आहे.

अप्पा म्हणजे तिचे वडील, चन्नबसप्पा. जळकोट तालुक्यात रस्त्याला लागून चार एकर रान, त्यात तूर आणि सोयाबीन. अंगात पांढरी बंडी, गळ्यात लिंग, आणि कुणी वाटेत भेटलं की "शरणार्थ" म्हणून हात जोडणारा माणूस. रागाचा टिपूस नाही. सगळा राग लेकीला देऊन हे मोकळे झाले, असं तिची आई, अव्वा, म्हणायची.

तर हे अप्पा फवारणीचं औषध कसं करायचे? जसं सगळं गाव करतं तसं. बादलीत पाणी, त्यात एका बाटलीचं झाकण, दुसऱ्या बाटलीचं झाकण, दुकानदारानं "हे बी टाका, जोरात लागतंय" म्हणून दिलेली पुडी, आणि ढवळायला काय? कोपरापर्यंत हात. काठी शोधायला कोण जातंय! एका साली तुरीच्या ओळीत ते आडवे झाले. तोंडाला फेस, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीएवढ्या. उदगीरला पाच दिवस सलाईनवर होते. डॉक्टर म्हणाला, मिसळलेलं औषध कातडीतनं आत गेलंय. दामिनी तेव्हा नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात वर्कशॉपची मदतनीस होती, करारावर. पाच दिवस खाटेच्या पायाशी बसून तिनं एकच ठरवलं. अप्पांचा हात परत त्या बादलीत जाऊ द्यायचा नाही.

ठरवलं खरं, पण करायचं काय ते तिला एका किड्यानं सांगितलं. विहिरीजवळचा एक दगड तिनं उचलला, खालून पिवळ्या पट्ट्यांचा एक किडा पळाला. तिनं चिमटीत धरला. ठस्स! असा बारीक बार झाला, पांढरी वाफ निघाली आणि बोट भाजलं. तिनं हात झटकला तर अप्पा पोट धरून हसायला लागले.

"तोफ्या हाय त्यो! बेडकानं गिळला तर बेडूक बी थुकून टाकतंय. धा दिवस बोटाचा डाग जायचा न्हाई बघ."

दामिनीनं बोट तोंडात घातलं नाही, पदराला पुसलं नाही, बघत बसली. एवढं उकळतं पाणी पोटात घेऊन हिंडतंय तर ह्याचंच पोट का भाजत नाही? मोबाइलवर शोधलं तर मोठमोठ्या देशांत लोकांनी ह्याच्यावर केव्हाच डोकी फोडून ठेवलेली. किड्याच्या पोटात दोन पिशव्या असतात. दोन्हीतली औषधं वेगवेगळी, एकमेकांना शिवत नाहीत. शत्रू आला की दोन्ही एका टणक खोलीत येतात, तिथं भडकतात आणि मागनं सुटतात. आणि एकदम नाही सुटत. सेकंदाला शेकडो बारीक बार. कारण त्या खोलीच्या तोंडाला एक पडदा असतो. बार झाला की दाबानं पडदा मिटतो, दाब उतरला की उघडतो, नवं औषध आत येतं. म्हणून खोली फुटत नाही आणि किडा जगतो.

हे वाचून शास्त्रज्ञाला काय वाटलं असेल ते असो. दामिनीला अप्पांची बादली दिसली. पाठीवर दोन टाक्या, वेगळ्या. औषधं मिसळायची ती कंबरेशी एका पितळी खोलीत, फवारताना, तेवढीच. हात लागायचा प्रश्नच नाही. आणि पडदा बसवला तर फवारा बारीक ठोक्यांनी सुटेल, औषध कमी लागेल.

सांगायला सोपं आहे. पडद्यानं तिची तीन वर्षं खाल्ली. सायकलच्या ट्यूबचं रबर औषधानं फुगायचं. प्लास्टिक तडकायचं. कुकरच्या रिंगेचं रबर चार दिवस टिकलं, पाचव्या दिवशी पापडासारखं मोडलं. शेवटी गावातला हापसा दुरुस्त करताना तिच्या हातात जुनं चामड्याचं वायसर आलं. ते तिनं करडईच्या तेलात दोन दिवस भिजत ठेवलं, पातळ तासलं, एका स्क्रूनं बसवलं. स्क्रू पूर्ण आवळायचा नाही, अर्धा आटा मागं ठेवायचा, म्हणजे पडदा हलतो. ती अर्ध्या आट्याची गोष्ट जगात कुठल्या पुस्तकात नव्हती. ती दामिनीच्या अंगठ्यात होती.

आता सर आले. डॉक्टर व्यंकटराव कौठेकर, विभागप्रमुख. कामाचे तास संपल्यावर लेथ वापरायची परवानगी त्यांनीच दिली, हे खोटं कशाला बोला. "तू कर, मी आहे ना," म्हणायचे. अधूनमधून येऊन चहा पीत बघायचे. तिची आकृत्यांची वही मागून नेली, "पेपर लिहू आपण, तुझं नाव पहिलं." दामिनीनं वही दिली. तीच दामिनी, लेथची किल्ली लपवणारी! माणूस ज्याचा आदर करतो त्याच्यापुढं येडं होतं बघा.

पेपर आला. पहिलं नाव कौठेकरांचं. दुसरं त्यांच्या मेहुण्याचं, जो बिचारा लेथ आणि लोहाराचा भाता यांतला फरक सांगू शकणार नाही. पेटंटच्या अर्जावरही तेच दोघं. दामिनीचं नाव कुठंच नाही, शेवटी आभारात असतं तिथंसुद्धा नाही. तिनं विचारलं तर सर चष्मा पुसत म्हणाले, "अगं, मदतनीसाचं नाव घालायची पद्धत नसते. तुझा करार वाढवून देतो की."

हे तिनं गिळलंही असतं कदाचित. पण महिनाभरानं कॉलेजच्या हॉलमध्ये सरांचं भाषण झालं. ती मागं खुर्च्या लावायला होती. सर सांगत होते, "मी लहान असताना वडिलांबरोबर शेतात गेलो होतो. एक दगड उचलला. एका किड्यानं माझं बोट भाजलं. वडील हसले आणि म्हणाले, अरे, हा तोफ्या आहे!"

हॉलमध्ये टाळ्या. कौठेकरांचे वडील जन्मभर तहसीलमध्ये कारकून होते. त्यांनी आयुष्यात कुठला दगड उचलला असेल तर तो टेबलावरचा, कागद उडू नये म्हणून ठेवलेला. अप्पांचं हसू ह्या माणसानं उचललं होतं. तोफ्या हे नाव अप्पांनी ठेवलेलं, ते उचललं होतं. दामिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं उरलेल्या खुर्च्या नीट लावल्या, एकसुद्धा वाजवली नाही. तिथंच ठरलं.

नोव्हेंबरात तूर फुलोऱ्यात असताना जळकोटजवळ शेतकरी मेळावा ठरला. सर तिथं पंप दाखवणार होते, मोठे पाहुणे येणार होते. सरांनी जाहीर केलं, "पाणी नाही, खरं औषध मारून दाखवणार." त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात सरांचा फोटो छापून आला. पंप पाठीवर, दांडा हातात, चेहऱ्यावर हसू.

दामिनीनं तो फोटो कापून ठेवला. मग तीन जुन्या पितळी खोल्या घेतल्या, त्यांचे स्क्रू पूर्ण आवळले आणि वर्कशॉपच्या मागं एकेकीत पाणी घालून दांडा मारला. पडदा हलेना, दाब चढत गेला. पहिल्यांदा एकेचाळीस दांड्यांना फुटली. दुसऱ्यांदा त्रेचाळीस. तिसऱ्यांदा चाळीस. म्हणजे चाळीस धरायचे. फुटली की दोन्ही औषधं मिसळून कंबरेपासून मानेपर्यंत जाणार. सर मरणार नाहीत. पाच दिवस पडतील. अप्पा पडले होते तेवढेच पाच दिवस, आणि सगळ्या जिल्ह्यासमोर. ज्याला पंप कळत नाही त्यानं पंप केला म्हणून सांगितलं की काय होतं, ते लोकांना दिसेल. मेळाव्याच्या सकाळी तिनं दाखवायच्या पंपातला स्क्रू आवळला. तिचा हात एवढासुद्धा थरथरला नाही, आणि ह्याचा तिला अभिमान वाटला, हेही सांगायला पाहिजे.

मेळाव्याला ही गर्दी! जळकोट, उमरी, देगलूरकडचे लोक जीप भरून आलेले. तुरीच्या कडेला मांडव, खुर्चीवर पाहुणे, त्यांच्या शेजारी सरांचा मेहुणा, फेटे, हार. सर कॉलरला छोटा माईक लावून उभे. दामिनीला बजावून ठेवलेलं, "पंप भरून ठेव आणि बाजूला थांब, स्टेजवर येऊ नको." ती थांबली. सरांनी दगडाची गोष्ट सांगितली, वडिलांचं हसू सांगितलं. मग पंपाकडं वळले. 

"तर आता," सर म्हणाले, "आपल्यापैकी एखाद्या शेतकरी बांधवानं पुढं यावं आणि हा पंप पाठीवर घ्यावा."

घ्या! आयटीआय झालेली, वर्कशॉपमध्ये राबलेली एवढी हुशार बाई, पण एवढं तिच्या डोक्यात आलं नव्हतं. साहेब कधी पंप पाठीवर घेतात का? साहेब माईक घेतात. फोटोपुरता रिकामा पंप घेतात. भरलेला पंप कुणाच्या पाठीवर जातो, हे जन्मापासून बघितलेली ही पोर, आणि सुडानं तिला तेच दिसू दिलं नाही.

माणसं एकमेकांना ढोसत होती, पुढं कुणी येईना. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक पांढरी बंडी उठली.

"मी घेतो की! माज्या लेकीनं केलेला पंप हाय त्यो."

अप्पा. तिनं त्यांना बोलावलं नव्हतं. गावापासून चार कोस कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून आले होते, धुतलेलं धोतर नेसून. लोक हसले, सरही हसले. त्यांना ते म्हातारबाबाचं काहीतरी बोलणं वाटलं. दोघांनी पट्टे अप्पांच्या खांद्यावर चढवले.

ओरडायला एक क्षण लागतो. दामिनीचं तोंड उघडलं आणि मिटलं. कारण ओरडली की संपलं. सर सुटले, पेपर त्यांचा, पेटंट त्यांचं, अप्पांचं हसूही त्यांचंच. तिला वाटलं, सर आता पंप काढून घेतील. एवढे पाहुणे बघतायत, स्वतः मारून दाखवतील, घेतील, घ्यायलाच पाहिजे. अप्पांनी दांडा हाणला. ती सरांच्या तोंडाकडं बघत होती. सर पाहुण्यांकडं बघून बोलतच होते.

मग ती मोजायला लागली. एक. दोन. पाच. सहा. अप्पा ऐटीत चालत होते, ओळीनं. नोझलमधून थोडं थोडं शिंपडत होतं. अकरा. आता घेतील. पंधरा. सरांनी पाहुण्यांना काहीतरी विनोद सांगितला. एकोणीस. पितळेचा बारीक कुरकुर आवाज यायला लागला होता, तो मांडवात फक्त तिलाच कळणार होता. तेवीस. अप्पांनी वळून तिच्याकडं बघितलं आणि हसले. सव्वीस.

"अप्पा, थांबा! दांडा सोडा! सोडा म्हणते ना!"

ती तुरीतून धावली, पट्टे ओढून काढले, पंप जमिनीवर ठेवला, दाबाचं बूच हळूहळू सैल केलं. सूंऽऽ करून हवा गेली. सगळा मांडव उभा राहिलेला. सर लाल होऊन पुढं आले.

"हे काय चाललंय, दामिनी?"

ती उठली. राग होता ना, तोही उठला. "पंपात बिघाड हाय, सर. कुठं हाय ते तुमी सांगा."

"मी?"

"पंप तुमचा हाय न्हवं. पेपरात तुमचं नाव हाय. सांगा की."

पाहुणे मान पुढं करून बघायला लागले. आता माघार कशी घ्यायची? सर गुडघ्यावर बसले. नोझल काढलं, त्यात फुंकर मारली. "चोक झालंय," म्हणाले. नोझल स्वच्छ होतं. टाकीचं झाकण उघडलं, आत डोकावले. नळी वाकवून बघितली. पितळी खोली समोर लोंबत होती, तिला त्यांनी हातसुद्धा लावला नाही. मागनं एक आवाज आला, "सर, तुमीच केलाव न्हवं ह्यो?" आणि हशा पिकला. सरांच्या कपाळावरून घाम नाकावर आला. ते तिच्याजवळ सरकले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "दामिनी, तू बघ ना जरा."

कॉलरचा माईक चालूच होता. चारही कर्ण्यांतून ते वाक्य तुरीवरून गावापर्यंत गेलं. 

"काय बघू, सर?"

"बिघाड."

"कशातला?"

"पंपातला, अगं!"

"कुणाच्या?"

सरांनी पाहुण्यांकडं बघितलं, मेहुण्याकडं बघितलं. मेहुणा बुटाकडं बघत होता. "तुझ्या," सर म्हणाले.

कर्ण्यांनी तेही सांगितलं.

काय सांगू, ती गोडी! पेढे खाऊन अशी गोडी येत नाही. दामिनीनं खोली उघडली, पडदा वर धरून सगळ्यांना दाखवला, हे हापशाचं वायसर, हे करडईचं तेल. स्क्रू अर्धा आटा मागं घेतला आणि पंप स्वतःच्या पाठीवर चढवून तीन ओळी फवारल्या. ठोक्याठोक्यानं सुटणारा तो फवारा बघून म्हातारी माणसंसुद्धा खुर्च्यांवर चढली. मुख्य पाहुण्यांनी तिचं पूर्ण नाव विचारलं, लिहून घेतलं आणि कौठेकरांना सगळ्यांदेखत म्हणाले की अर्ज दुरुस्त करून पाठवा. सर गाडीत बसताना कुणी त्यांना हारसुद्धा आणून दिला नाही. स्क्रू कुणी आवळला हे मात्र कुणी विचारलं नाही. प्रवासात आवळला असेल, असं सगळ्यांनी धरलं.

दिवस कलायच्या आत बापलेक शेतात आले. मोटारसायकलवाल्यानं रस्त्यावर सोडलं होतं, विहिरीपर्यंत चालायचं होतं. दामिनीचं तोंड थांबत नव्हतं. सरांचा चेहरा, मेहुण्याचे बूट, ते "तुझ्या" कसं म्हणाले, तिनं दोनदा आवाज काढून दाखवला. अप्पा "हाव, हाव" म्हणत मान हलवून ऐकत होते.

बांधावर आल्यावर ते म्हणाले, "त्यो स्क्रू आपल्या आपण आवळत न्हाई, दामू. ढिला हुतो. चाळीस वर्षं पंप मारून राहिलो मी."

ती वाकून चपलेतला खडा काढायला लागली.

"तूच आवळलीस?"

"हाव. सरांसाठी. ते घेतील वाटलं पाठीवर."

"ते ठीक हाय." अप्पांनी टोपी काढून हातात घेतली. "मी घेतला तवा तुला म्हाईत व्हतं न्हवं? मग तवाच का वरडली न्हाईस?"

खोटं बोलता आलं असतं. अप्पांनी ते मानूनही घेतलं असतं, तसलेच आहेत ते. पण तिला जमलं नाही.

"चाळीसला फुटतंय, अप्पा. मी तीनदा बघितलं व्हतं. मी मोजून राहिले होते. सव्वीस झाले की वरडले. लई अंतर व्हतं अजून."

"सव्वीस न्हाई," अप्पा म्हणाले. "एकोणतीस झाले व्हते. मी बी मोजून राहिलतो. गावात सांगायचं व्हतं, लेकीच्या पंपाचे एवढे दांडे मारले, तरी हात भरून आला न्हाई म्हणून."

ते पुढं विहिरीकडं गेले, मोटर चालू करायला. दामिनी बांधावर उभी राहिली. सुरुवातीचे तीन तिनं मोजलेच नव्हते. तेव्हा ती सरांच्या तोंडाकडं बघत होती.